बारा आठवडे

चाळिशी नाकावर चढली त्याच आठवड्यात
हनुवटीवर तारुण्यपीटिका उगवली.
एकाच चेहऱ्यावर दोन वयं,
आणि आरसा कुणाचीच बाजू घेईना.

कुताइसीच्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते.
वर्गात तीस चेहरे, त्यातले वीस फुललेले.
फळ्याकडे बघायचं सोडून
ते माझ्या हनुवटीकडे बघतात,
शत्रूच्या गोटात आपला माणूस सापडल्यासारखे.

सासूबाई म्हणाल्या, चाचा चोळ.
घरच्या द्राक्षांची दारू, काडी लावली तर पेटणारी.
चोळली.
कातडी सोलवटली, पीटिका जागच्या जागी,
फक्त आता तिला दारूचा वास.
शेजारीण टूथपेस्ट घेऊन आली.
जाऊ म्हणाली, चीज सोड.
खाचापुरी सोडून काय दगड खाऊ?

शेवटी रिओनीच्या पलीकडे दवाखाना गाठला.
खुर्चीत डॉक्टर कोण, तर तामता ग्वेनेताद्झे,
जिला मी दहावीत नापास केलं होतं,
समीकरण जुळेना म्हणून.
बसा बाई, म्हणाली.
आणि भिंगाचा दिवा माझ्यावर धरला.

पाळीच्या आधी वाढतात? वाढतात.
जबड्याच्या कडेकडेने? हो.
केसांना काय लावता? अक्रोडाचं तेल.
मफलर? ऑक्टोबरपासून, ओठांपर्यंत.
झोप?
मी हसले.
सहामाहीचे गठ्ठे, आणि बादरी पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
त्याचा फोन येतो तेव्हा इथे रात्रीचा एक.
फोडता का?
नाही, मी म्हटलं,
वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराच्या आवाजात.
तिने नुसतं माझ्या नखांकडे बघितलं.

मग सावकाश सांगत गेली,
मी तिला कधी सांगितलं नव्हतं इतकं सावकाश.
यात घाण नाही बाई, घासू नका.
आतले हार्मोन खालीवर होतात,
तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात,
वरून जागरण, वरून लोकर.
हे औषध सकाळी तोंड धुवायला,
हे मलम रात्री, वाटाण्याएवढं,
फोडावर ठिपका नाही, सगळ्या चेहऱ्यावर.
दिवसा उन्हाचं क्रीम, ढग असले तरी.
दिवस जायचा विचार असेल तर मलम नको.
मी खिडकीतून पोलंडच्या दिशेला बघितलं.
पाळी चुकायला लागली तर रक्त तपासू.
आधी बिघडेल, मग सुधारेल. बारा आठवडे.
तिसऱ्या आठवड्यात माझ्या नावाने बोटं मोडाल.

मोडली.
चेहऱ्याला कोंडा सुटला, हसताना ओढ बसे.
बादरीने पाठवलेल्या निळ्या टॉवेलवर
पांढरे डाग पडले, गालाच्या आकाराचे.
पेरॉक्साइड. रंग खातं.
हा धडा तिला मीच शिकवला होता,
आणि टॉवेल मात्र माझा गेला.

नवव्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर ओटिया थांबला,
कपाळावर झिपऱ्या ओढून.
बाई, हे कधी संपतं?
मोठा झालास की, असं म्हणणार होते.
माझी हनुवटी त्याच्यासमोरच होती.
प्रयोगवहीचं पान फाडून लिहून दिलं:
तामताचा पत्ता. वाटाणा. बारा. नखं काप.
त्याने पान दोनदा वाचलं.
आणि मग?
मग बघू, म्हटलं.

तो गेला.
उजव्या बाजूला, कानाखाली, एक नवी ठुसठुसत होती.
बोट आपसूक वर गेलं, खडूने माखलेलं,
अर्ध्यात थांबलं.
डस्टर उचललं आणि सबंध फळा पुसला,
कोपऱ्यातली तारीखसुद्धा.